गटाचे पैसे घालण्याआधी: तळणीचं तेल, माती आणि बायोडिझेल



गेल्या दोन महिन्यांत आपल्या प्रभागातल्या बऱ्याच गटांच्या बैठकीत एकच प्रश्न पुढे आला. "ताई, तळणीच्या उरलेल्या तेलात माती टाकली की डिझेल होतं म्हणे, खरं का?" हा प्रश्न कुठून आला ते तुम्हाला माहीत आहेच. एक एजंट गावोगाव फिरतो आहे. त्याच्याकडे रंगीत पत्रक आहे, मोबाईलवर व्हिडिओ आहे आणि करड्या पावडरची एक पिशवी आहे. मशीन साडेचार लाखांचं, गटाने आधी एक लाख भरायचे, बाकीचं कर्ज काढायचं. "ही स्पेशल माती आहे, कधी संपतच नाही," असं तो सांगतो. दोन गटांनी तर ठरावाचा विषयही काढला आहे.

म्हणून या अंकात हा विषय नीट मांडते. नुसतं "हो" किंवा "नाही" सांगून भागणार नाही, कारण यामागचं शास्त्र खरं आहे. पण शास्त्र खरं असलं म्हणजे समोरचा व्यवहार खरा असतोच असं नाही. शास्त्र थोडं समजलं की एजंटला काय विचारायचं ते आपलं आपल्यालाच सुचतं. मी समाजकार्य शिकलेली, पण काळजी करू नका, यातलं निम्मं शाळेच्या विज्ञानात आहे आणि निम्मं आपल्या स्वयंपाकघरात.

तेलावर इंजिन चालतं का?

चालतं, आणि ही गोष्ट जुनी आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. मग आपण तळणीचं तेल सरळ पंपाच्या टाकीत का ओतत नाही? कारण खाण्याचं तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. आजच्या इंजिनात डिझेल बारीक छिद्रातून फवारलं जातं. घट्ट तेल नीट फवारलं जात नाही, अर्धवट जळतं, काजळी धरते आणि काही दिवसांत इंजिन उघडायची वेळ येते. म्हणून तेल आधी पातळ करायला हवं. पण पाणी घालून ताक पातळ करतो तसं नाही. तेलाची मूळ बांधणीच बदलावी लागते. ती बदलली की जे तयार होतं ते बायोडिझेल.

तीन पेडांची वेणी

तेलाचा एक कण म्हणजे तीन पेड एका गाठीत बांधलेले आहेत असं समजा. हे तीन पेड म्हणजे मेदाम्लं आणि ती गाठ म्हणजे ग्लिसरीन. तीन पेड एकत्र बांधलेले म्हणून तेल घट्ट.

आता गाठ सोडायची आणि प्रत्येक पेडाला वेगळी छोटी रिबीन बांधायची. ही रिबीन म्हणजे मिथेनॉल नावाचं रसायन. तीन सुटे पेड म्हणजे बायोडिझेल आणि सुटलेली गाठ म्हणजे ग्लिसरीन. ग्लिसरीन जड असतं, ते तळाशी बसतं. बायोडिझेल वर राहतं.

हिशोब असा: १०० किलो तेलाला कमीत कमी ११ किलोच्या आसपास मिथेनॉल लागतं. त्यातून साधारण १०० किलो बायोडिझेल आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळतं. प्रत्यक्षात काम पुरं व्हावं म्हणून मिथेनॉल दुप्पट किंवा त्याहून जास्त घालतात आणि उरलेलं परत गोळा करतात.

पण तेल आणि मिथेनॉल नुसतं एकत्र ठेवलं तर काहीच होत नाही. गाठ सोडायला कुणाचा तरी हात लागतो. त्या हाताला विज्ञानात उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरक काम घडवून आणतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. एजंटच्या पिशवीतली माती म्हणजे हा उत्प्रेरक. माती स्वतः डिझेल होत नाही. "मातीपासून डिझेल" असं पत्रकावर छापलंय ते मुळातच चूक आहे. डिझेल होतं ते तेल आणि मिथेनॉल यांचं.

कॉस्टिक सोड्याने होतं, मग माती कशाला?

बहुतेक कारखान्यांत गाठ सोडायला कॉस्टिक सोडा किंवा त्याच्यासारखाच पोटॅशचा क्षार वापरतात. तो स्वस्त आहे. तेलाच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास टाकला तरी साठ अंशांच्या आसपास तापमानाला तासाभरात काम होतं. तेल ताजं असलं तर याच्यासारखं सोपं काही नाही.

अडचण येते ती तळणीच्या तेलात. भजी, वडे, पुऱ्या तळताना पिठातलं पाणी तापलेल्या तेलात उतरतं. त्या पाण्याने आणि उष्णतेने तेलाच्या वेण्या आपोआप उसवतात आणि पेड मोकळे सुटतात. त्यांना मुक्त मेदाम्लं म्हणतात. ताज्या रिफाइंड तेलात ती नावापुरती असतात. बरेचदा तापवलेल्या तेलात ती दोन ते पाच टक्के, कधी त्याहून जास्त होतात.

आता तुमच्यापैकी ज्यांनी कपड्यांच्या साबणाचं प्रशिक्षण घेतलंय त्यांनी सांगा, मेदाम्ल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की काय होतं? साबण! तेच इथे होतं. करायला गेलो डिझेल आणि झाला फेस. मुक्त मेदाम्लं एक-दोन टक्क्यांच्या वर गेली की ग्लिसरीन धड खाली बसत नाही, सगळं दाटसर होऊन जातं आणि बरंचसं तेल वाया जातं.

दुसरी अडचण पाण्याची. कॉस्टिक सोडा तेलात मिसळून जातो. तो काढायला तयार इंधन पुन्हा पुन्हा पाण्याने धुवावं लागतं. जितकं इंधन तितकं, कधी दुप्पट-तिप्पट पाणी जातं. ते साबणाचं, क्षाराचं, मिथेनॉलचं पाणी शेतात सोडता येत नाही, ओढ्यात सोडता येत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाने हे पाणी आणायचं कुठून आणि टाकायचं कुठे?

इथे मातीचा फायदा कळतो. आमटीत मीठ टाकलं की ते विरघळतं, परत काढता येत नाही. पण तमालपत्र टाकलं तर जेवताना ते उचलून बाजूला ठेवता येतं. कॉस्टिक सोडा मिठासारखा आहे, माती तमालपत्रासारखी. काम झालं की गाळून घ्यायची. धुण्याचं पाणी खूप कमी लागतं आणि तीच माती पुन्हा वापरता येते. जगभरातल्या प्रयोगशाळा मातीच्या मागे लागल्या आहेत त्या यासाठी.

ही माती कोणती?

चिरोटा डोळ्यासमोर आणा. पापुद्र्यावर पापुद्रा. काही प्रकारची चिकणमाती अगदी तशीच असते, फक्त तिचे पापुद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यामधल्या सांदीकोपऱ्यांत तेल आणि मिथेनॉलची गाठ पडते आणि काम तिथेच होतं. जागा जितकी जास्त तितकं काम जास्त. चांगल्या प्रक्रिया केलेल्या एका ग्रॅम मातीत आतली-बाहेरची मिळून दोनशे चौरस मीटरहून जास्त जागा असते. म्हणजे चिमूटभर मातीत अख्खं घर-अंगण मावेल!

या मातीतल्या मुख्य खनिजाला मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. नाव अवघड आहे, पण माती ओळखीची आहे. आपण चेहऱ्याला मुलतानी माती लावतो आणि ती तेलकटपणा ओढून घेते, तीही याच कुळातली. बाजारात बेंटोनाइट नावाने मिळते ती माती मुख्यतः याच खनिजाची. आपल्या देशात ती गुजरातेत कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे निघते. विजेच्या अर्थिंगच्या खड्ड्यात करडी पावडर टाकताना तुम्ही पाहिलं असेल, ती बेंटोनाइटच. तेलाच्या रिफायनरीत तेलाचा रंग काढायलाही आम्लाने धुतलेली अशीच माती वापरतात.

आणि आपली काळी माती? तिच्यातही हे खनिज भरपूर असतं. पावसात ती फुगते, पायाला गोळे चिकटतात, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, घराच्या भिंतींना तडे जातात. हे सगळं त्या पापुद्र्यांत पाणी शिरतं आणि निघून जातं म्हणून होतं.

मग शेतातलीच माती टाकली तर?

"तुमच्याच रानातली काळी माती पुढे वापरता येईल," असंही एजंटने एका बैठकीत सांगितलं. हे मात्र साफ चूक. रानातल्या मातीत वाळू असते, चुनखडी असते, कुजलेला पालापाचोळा असतो. तिच्या पापुद्र्यांमधल्या जागा चुना आणि इतर क्षारांनी आधीच धरलेल्या असतात. गर्दीने भरलेल्या एसटीत चढायला जागा नसावी तसं.

म्हणून माती आधी स्वच्छ करतात. मग तेजाब म्हणजे तीव्र आम्लात तापवून धुतात, त्यामुळे क्षार निघून जातात आणि बारीक भोकं मोकळी होतात. मग वाळवतात. काही प्रकारांत कित्येक शे अंशांवर भट्टीत भाजतात. हे काम चुलीवर किंवा परसात करायचं नाही. आम्लाचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

आंबट माती आणि खारी माती

तयार उत्प्रेरक माती दोन प्रकारची असते. समजायला सोपं म्हणून मी त्यांना आंबट आणि खारी म्हणते.

आंबट माती म्हणजे आम्लाने तयार केलेली. हिचा मोठा गुण असा की साबण होत नाही. उलट तळणीच्या तेलातली मोकळी मेदाम्लंही ती मिथेनॉलला बांधून देते, म्हणजे त्यांचंही बायोडिझेल होतं. खराब तेलासाठी म्हणूनच ती चांगली. पण ती धीमी आहे. वेळ बराच जातो आणि पुरतं काम व्हायला अनेकदा शंभर अंशांच्या वर उष्णता लागते. मिथेनॉल तर ६५ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे भांडं कुकरसारखं घट्ट बंद आणि दाब सहन करणारं हवं. तो कुकर डाळीचा नाही, त्यात पेट घेणारं विष असतं. एजंटच्या व्हिडिओत पिंप उघडा होता आणि एक माणूस काठीने ढवळत होता, हे लक्षात ठेवा.

खारी माती म्हणजे जिच्यावर पोटॅश किंवा चुन्यासारखा क्षार चढवून भाजलेला असतो. ती पटकन काम करते, कमी उष्णतेत करते. पण तेल खराब असलं तर इथेही साबणाची अडचण येतेच. म्हणून काही ठिकाणी दोन टप्पे करतात: आधी आंबट मातीने मोकळी मेदाम्लं कमी करायची, मग खाऱ्या मातीने राहिलेलं काम.

दोन्ही मातींचा एक शत्रू सारखाच, तो म्हणजे पाणी. तेलात ओल असली की पापुद्र्यांतली जागा पाणी अडवून बसतं आणि माती मंदावते. ही गोष्ट विसरू नका, पुढे आपल्या कामाची आहे.

"कधी संपतच नाही" हे खरं का?

नाही. आमटीत टाकलेलं आमसूल काढा, धुवा, दुसऱ्या आमटीत टाका. आंबटपणा कमी उतरेल. तिसऱ्यांदा तर नावालाच. खाऱ्या मातीचं तेच होतं. तिच्यावर चढवलेला क्षार दर वेळी थोडा थोडा सुटून इंधनात जातो. आंबट मातीच्या भोकांत तेलाचा चिकटा आणि जळका अंश बसतो. काही वेळा वापरून झाल्यावर माती धुवून, भाजून ताजी करावी लागते आणि शेवटी बदलावीच लागते.

वापरलेली माती टाकून देतानाही जपायला हवं. तेल मुरलेली अशी माती ढीग करून उघड्यावर ठेवली तर आतल्या आत तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीजवळ असा ढीग म्हणजे आगीला बोलावणं.

खरी भीती मिथेनॉलची

मातीबद्दल एजंट तासभर बोलतो. मिथेनॉलचं नाव मात्र "एक लिक्विड" एवढंच घेतो. म्हणून हा भाग दोनदा वाचा आणि गटात मोठ्याने वाचून दाखवा.

मिथेनॉल दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं. पण ते विष आहे. थोडंसं पोटात गेलं तरी कायमचं आंधळेपण येऊ शकतं, जीव जाऊ शकतो. २०१५ साली मुंबईत मालवणीमध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉलच होतं. मिथेनॉलची वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतूनही शरीरात जातो. ते लगेच पेट घेतं आणि त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. आग लागलीय हे अंग भाजल्यावरच कळतं. म्हणूनच ते घ्यायला आणि साठवायला परवाना लागतो.

ज्या घरात चूल पेटते, पोरं खेळतात, कुणी दारू पिणारं आहे, त्या घरात मिथेनॉलचा कॅन ठेवायचा नाही. कुणाच्याही सांगण्यावरून नाही, एका रात्रीपुरताही नाही.

"खाली बसलेल्या ग्लिसरीनचा साबण, हँडवॉश करा," हाही सल्ला मिळतो. त्या कच्च्या ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल राहिलेलं असतं. ते नीट काढल्याशिवाय हाताला लावायची कुठलीही वस्तू त्यापासून करू नका.

आता पैशाचा हिशोब

आपण अंतर्गत कर्ज देतानाही हप्ता कसा फिटेल ते विचारतो. इथेही तेच करू. खालचे आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे घालून तुम्ही पुन्हा मांडा.

समजा आपल्या प्रभागात वडे-भजीचे २० गाडे आहेत आणि प्रत्येकाकडे रोज एक लिटर तेल उरतं. महिन्याचं ६०० लिटर झालं. लिटरमागे १० रुपये सुटले असं धरू. महिन्याला ६,००० रुपये. साडेतीन लाखांच्या कर्जाचं व्याज वर्षाला १२ टक्क्यांनी महिन्याला ३,५०० रुपये. राहिले २,५००. यातून मुद्दल, मजुरी, वीज, परवाने, तपासणी, माती बदलणं, सगळं भागवायचं. एका महिन्यात तेल कमी आलं की हप्ता थकला. आणि हप्ता थकला की एजंटचं काही जात नाही. थकबाकीदार म्हणून नाव लागतं ते गटाचं.

शिवाय तयार झालेलं इंधन विकणार कुणाला? बायोडिझेलसाठी आपल्या देशात आयएस १५६०७ हे मानक आहे. त्यात बसतं की नाही ते प्रयोगशाळेत तपासावं लागतं. विक्रीसाठी सरकारची नियमावली आहे, नोंदणीशिवाय विकता येत नाही. "घरच्या पंपाला वापरू" म्हणाल, तर अर्धवट झालेल्या इंधनाने फवारणीची छिद्रं बुजतात आणि चांगल्या बायोडिझेलनेही जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात.

याचा अर्थ गावपातळीवर हे कधीच होत नाही असा नाही. ओडिशात किंचलिंगी नावाच्या छोट्या गावात ग्राम विकास या संस्थेसोबत २००४ च्या सुमारास पायडलने चालणाऱ्या यंत्रावर मोहा, करंज, कारळ्याच्या तेलाचं बायोडिझेल करून त्यावर पिण्याच्या पाण्याचा पंप चालवला होता. तिथे माती नव्हती, साधा क्षारच होता. पण त्यामागे जाणकार माणसं गावासोबत टिकून होती, शिकवलेली माणसं होती आणि इंधन विकायचं नव्हतं, गावालाच वापरायचं होतं. मशीन देऊन निघून जाणाऱ्या माणसाचा व्यवहार वेगळा.

एजंट पुन्हा आला तर हे विचारा

१. माती आंबट आहे की खारी? तिचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि माहितीपत्रक दाखवा.
२. किती वेळा वापरल्यावर बदलावी लागते? नव्या मातीचा किलोचा भाव किती?
३. तेलात मुक्त मेदाम्लं किती टक्के चालतात? ती मोजायची कशी?
४. मिथेनॉल कुठून घ्यायचं? परवाना कुणाच्या नावावर? अपघात झाला तर जबाबदारी कुणाची?
५. भांडं बंद आहे का? किती दाबाला तपासलेलं आहे?
६. तुमच्या मशीनवर केलेल्या इंधनाचा आयएस १५६०७ प्रमाणे तपासणी अहवाल आहे का?
७. वर्षभर मशीन चालवणारा एखादा गट दाखवा. आम्ही आमच्या खर्चाने जाऊन बघू.
८. इंधन विकत घेणाऱ्याचा लेखी करार आहे का?

उत्तर लेखी मागा. "नंतर पाठवतो" म्हणाला तर पैसेही नंतर. "आजच भरलं तर सूट" म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

मग आपण करायचं काय?

या साखळीत आपल्याला झेपेल असं एक काम आहे, तेही बिनकर्जाचं. ते म्हणजे तेल गोळा करणं. बायोडिझेलच्या कारखान्यांना खरी टंचाई असते ती चांगल्या, कोरड्या, भेसळ नसलेल्या तेलाची.

देशाच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, तळणीचं तेल गोळा करून बायोडिझेलला देण्याचा 'रुको' नावाचा उपक्रम सुरू केला. १ जुलै २०१८ पासून नियमही आहे: तेल तापून तापून त्यात तयार होणारे खराब घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी तर नोंद ठेवून ते अधिकृत गोळा करणाऱ्यांनाच द्यायचं आहे. अशा अधिकृत लोकांची यादी एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर मिळते.

घरात आणि फराळाच्या युनिटमध्ये ओळखायचं कसं? तेल काळपट, घट्ट झालं, लवकर धूर धरायला लागलं, फेस बसेना, वास उतरला की ते संपलं असं समजा. घरी एकदा तळलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीला संपवा. पुन्हा पुन्हा त्यातच तळू नका. ते गटारात, ओढ्यात ओतू नका. आणि सुट्या डब्यात विकत नेणाऱ्या अनोळखी माणसाला तर मुळीच देऊ नका. तेच तेल रंग काढून, स्वस्त सुट्या तेलात मिसळून आपल्याच पोरांच्या ताटात परत येऊ शकतं.

गोळा करायची रीत अशी:

- तेल पूर्ण थंड होऊ द्या, मग सुती कापडाने गाळा. पिठाचा गाळ राहू देऊ नका.
- कॅन कोरडा ठणठणीत हवा. पाण्याचा थेंब नको. मातीचा शत्रू पाणी, हे वर वाचलंच आहे.
- त्यात इंजिनचं ऑइल, डालडा, मटणाची चरबी मिसळू नका.
- कॅनवर मोठ्या अक्षरात "खाण्यासाठी नाही" लिहा. झाकण घट्ट, जागा सावलीची, पोरांच्या हाताबाहेर.
- वहीत तारीख, कुणाकडून, किती लिटर, हे लिहा. सह्या घ्या.
- देताना फक्त अधिकृत गोळा करणाऱ्याला द्या, पावती घ्या, पैसे गटाच्या खात्यावर घ्या.

एका गटाकडे महिन्याला पाच-दहा लिटरच निघेल, त्यासाठी कुणी गाडी पाठवणार नाही. पण ग्रामसंघाने एकत्र केलं आणि प्रभागसंघाने ठरलेल्या दिवशी सगळ्या गावांचं उचलायला लावलं, तर भाव बोलता येतो. वडेवाले, ढाबे, मंगल कार्यालयं, आपलेच चकली-शेवेचे गट, सगळ्यांना यात घेता येईल. दिवाळीच्या फराळाच्या महिन्यात तर तेल सगळ्यात जास्त निघतं.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाच्या सचिवताईंनी दोन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्याव्यात. एक, वरची आठ उत्तरं लेखी मिळेपर्यंत मशीनसाठी एकही रुपया द्यायचा नाही, असा ठराव. दोन, आपल्या गावात महिन्याला किती तेल उरतं याची मोजणी. एक महिना, खरी मोजणी, अंदाज नको. आकडे ग्रामसंघाकडे आले की प्रभागसंघाच्या बैठकीत आपण अधिकृत गोळा करणाऱ्यांशी बोलायचं ठरवू. मोजणीच्या वहीचा नमुना तुमच्या सीआरपी ताईंकडे दिला आहे. मागून घ्या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक